डोळ्याची सर्जरी शिकायला येताय? आधी नजर तयार करा, हात आपोआप बसेल

ऑफ्थॅल्मॉलॉजीला नवीन आलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, केसेस कधी मिळायला लागतात? मिळतात हो, सगळ्यांना मिळतात, कुणाला लवकर कुणाला थोडं उशिरा. पण या प्रश्नामागे एक समजूत असते की खरं शिक्षण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि ओपीडी म्हणजे नुसती हमाली, नंबर काढा, थेंब टाका, पुढचा पेशंट घ्या. मला ही समजूत अजिबात पटत नाही आणि म्हणूनच हे सविस्तर लिहायला बसलोय. माझा हात बसला तो ओटीत हे खरं, पण कुठल्या डोळ्याला हात लावायचा, कधी लावायचा आणि कधी अजिबात लावायचा नाही, हे मला ओपीडीतल्या आणि इमर्जन्सीतल्या विचित्र केसेसनी शिकवलं. त्यामुळे खाली सर्जरीचं आणि त्या केसेसचं मिसळूनच येईल, वेगळं काढता येत नाही मला.

सुरुवात स्लिट लॅम्पपासून करा, म्हणजे उजेडाची बारीक फट टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपपासून. मोठा पांढरा लाइट डोळ्यावर मारून बघणं म्हणजे बघणं नव्हे. स्लिट अगदी बारीक करायची, बाजूने तिरकी टाकायची, आणि थर वेगळे दिसायला लागेपर्यंत थांबायचं. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची, जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यातला ओरखडा वरच्या थरात आहे की खोल गेलाय हे बारीक स्लिटशिवाय कळत नाही. खोलीत अंधार करा, पूर्ण अंधार. अँटिरियर चेंबरमधल्या, म्हणजे कॉर्निया आणि बुबुळ यांच्यामधल्या पाण्याच्या जागेतल्या, सेल्स (आत सूज असली की तिथे दिसणाऱ्या पेशी) म्हणजे उन्हाच्या कवडशातले धूलिकण जसे तरंगताना दिसतात ना तसे दिसतात, उजेडात बसून त्या कधीच दिसणार नाहीत. सुरुवातीला रोज नॉर्मल डोळे बघा, एकमेकांचे बघा, कंटाळा येईपर्यंत बघा. नॉर्मल इतकं अंगवळणी पडलं पाहिजे की काहीतरी वेगळं असलं की नाव आठवायच्या आधी खटकायला हवं.

आणि एक गोष्ट कितीही गर्दी असली तरी सोडू नका, बाहुली मोठी करायचे थेंब टाकायच्या आधी बाहुली तपासायची. उजेडाला दोन्ही बाजूंनी कशी आकसते, टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली तर काय होतं, आकार सारखा आहे का. एकदा थेंब पडले की ही सगळी माहिती काही तासांसाठी गेली. बऱ्याच ठिकाणी पेशंट तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच कुणीतरी थेंब टाकून मोकळं झालेलं असतं, तेव्हा स्टाफला प्रेमाने सांगून ठेवा, आधी मला दाखवा.

बाहुलीवरूनच दोन केसेस सांगतो, मुद्दाम शेजारी शेजारी. पहिल्या बाई आल्या त्या घाबरूनच, सकाळी आरशात बघितलं तर एका डोळ्याची बाहुली भली मोठी. जवळचं वाचताना त्या डोळ्याने धूसर, बाकी काही नाही. आधी त्यांना कुणीतरी मेंदूत काहीतरी असेल असं सांगून ठेवलेलं. तपासलं तर पापणी पडलेली नाही, डोळा सगळ्या दिशांना छान फिरतोय, दुखत नाही, डोकं दुखत नाही. फक्त बाहुली उजेडाला हलत नाही. मग एक टक्का पायलोकार्पिनचा थेंब टाकला, जो थेंब एरवी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी करून टाकतो, आणि अर्ध्या तासाने बघितलं तरी बाहुली होती तिथेच. म्हणजे नसेचा प्रॉब्लेम नाही, बाहुलीच्या स्नायूवरच कुठलं तरी औषध जाऊन बसलंय. मग विचारलं, काल काय काय हाताळलंत? तर बागेत झाडं छाटली होती आणि त्यात धोतऱ्याच्या जातीचं फुलझाड होतं, त्याच हाताने डोळा चोळला. त्या झाडात अॅट्रोपिनच्या कुळातली द्रव्यं असतात. दोन-चार दिवसांत बाहुली आपोआप जागेवर. ना स्कॅन लागला ना औषध, एक थेंब आणि एक प्रश्न, बस. असंच दम्याच्या पेशंटला नेब्युलायझरचा मास्क नीट बसला नाही आणि औषधाची वाफ डोळ्यात गेली तरी होतं, हेही डोक्यात ठेवा.

दुसरी केस, मोठी बाहुलीच, पण या गृहस्थांची पापणी खाली आलेली, उचलून बघितली तर डोळा बाहेर आणि खाली वळलेला, आणि सोबत आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखतंय. इथे पायलोकार्पिन वगैरे काढत बसायचं नाही. तिसरी नस बंद पडलीय आणि बाहुली मोठी आहे म्हणजे मेंदूच्या तळाशी रक्तवाहिनीला आलेला फुगा त्या नसेवर दाबतोय असं धरूनच चालायचं, बाहुलीचे धागे नसेच्या बाहेरच्या अंगाला असतात म्हणून बाहेरून दाब आला की आधी तेच मार खातात. ताबडतोब अँजिओग्राफीचा स्कॅन आणि न्यूरोसर्जनला फोन, पेशंटला एकटं चालत पाठवायचं नाही. तो फुगा फुटला तर माणूस जातो. दोन्ही पेशंटची तक्रार एका ओळीत लिहिली तर सारखीच, बाहुली मोठी झालीय. फरक पडला तो पापणी आणि डोळ्याची हालचाल बघण्यात, ज्याला एक मिनिटही लागत नाही.

आता ओटीकडे येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हे ओपीडीतून उठतच नाहीत.

पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बसलात की तुमच्या लक्षात येईल की प्रॉब्लेम हातांचा नाहीच, पायांचा आहे. एका पायाखाली मायक्रोस्कोपचं पेडल, फोकस झूम आणि इकडेतिकडे सरकवणं, दुसऱ्या पायाखाली फेको मशीनचं, म्हणजे मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेणाऱ्या मशीनचं पेडल. फेको पेडलच्या पायऱ्या असतात, थोडं दाबलं की नुसतं पाणी सुरू, आणखी दाबलं की ओढ (सक्शन) सुरू, आणखी दाबलं की अल्ट्रासाउंड. हे पायाला पाठ झालं पाहिजे, मेंदूला नाही. ओटी रिकामी असेल तेव्हा जाऊन बसा, डोळे मिटून पेडल दाबा आणि आवाजावरून ओळखा आपण कुठे आहोत, मशीन प्रत्येक पायरीला वेगळा आवाज काढतं ते त्याचसाठी.

बसायची पद्धतही पहिल्याच दिवशी लावून घ्या. आधी खुर्ची, मग पेशंटचं टेबल, मग मायक्रोस्कोप, याच क्रमाने. उलट केलं की मान वाकवून बसावं लागतं, आणि आपल्या लाइनमधल्या किती जणांची मान-पाठ पुढे कामातून जाते हे कुठल्याही सीनियरला विचारा. मनगटं टेकायला आधार घ्या, यात काही कमीपणा नाही. हात थरथरतो म्हणून घाबरू नका, मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाखाली प्रत्येकाचाच थरथरतो, टेकवलेला हात मात्र शांत होतो. झोप पूर्ण घ्या.

वेट लॅबमध्ये प्राण्यांच्या डोळ्यांवर प्रॅक्टिस करता येते, सिम्युलेटर असेल तर सोन्याहून पिवळं. दोन्हीची मजा वेगळी आहे. सिम्युलेटर तुमची चूक मोजून दाखवतो आणि कितीही वेळा करू देतो, प्राण्याचा डोळा तुम्हाला खऱ्या टिश्यूचा ताण शिकवतो. डुकराच्या डोळ्यातली लेन्सची कॅप्सूल, लेन्सभोवतीची पातळ पिशवी, माणसापेक्षा जास्त लवचिक असते, ओढली की बाहेर पळते, त्यामुळे तिथे रेक्सिस, म्हणजे कॅप्सूलला गोल तोंड पाडणं, जमायला लागला की माणसाच्या डोळ्यात जरा सोपं वाटतं. टाके घालायची प्रॅक्टिस मात्र कुणी करत नाही, सगळ्यांना फेकोच पाहिजे. दहा-शून्य नायलॉन केसापेक्षा बारीक असतो, दिसतो न दिसतो, तो धागा हाताळायची सवय नसेल आणि एखाद्या रात्री फाटलेला कॉर्निया समोर आला तर काय करणार? रोज थोडं तरी शिवा.

माझ्या सीनियर मॅडमनी मला फेको उलट्या क्रमाने शिकवला आणि आता मीही तसंच शिकवतो. म्हणजे पहिल्या केसेसमध्ये तुम्ही फक्त शेवटची पायरी करायची, कृत्रिम लेन्स बसवून झाल्यावर चेंबरमध्ये भरलेलं जेल धुऊन काढायचं. ते जमलं की लेन्स बसवायची. मग कॉर्टेक्स, लेन्सचा बाहेरचा मऊ थर, काढायचा. मग न्यूक्लियसचा, लेन्सच्या कठीण गाभ्याचा, शेवटचा तुकडा. रेक्सिस सगळ्यात उशिरा. याचा फायदा असा की तुम्ही जे करताय त्याच्या पुढचं सगळं तुम्हाला आधीच येत असतं, त्यामुळे पोटात गोळा येत नाही. चीर देण्यापासून सुरुवात केली की प्रत्येक पायरीला पुढे अंधार असतो आणि त्या घाईत चुका होतात.

रेक्सिसबद्दल थोडं जास्त बोलतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. लेन्सच्या पुढच्या कॅप्सूलला साधारण पाच-साडेपाच मिलिमीटरचं गोल तोंड करायचं, म्हणजे सहा मिलिमीटरच्या कृत्रिम लेन्सच्या कडेवर चहूबाजूंनी थोडं झाकण राहतं. फाटत जाणारी कड बाहेर पळायला लागली की नवखा माणूस आणखी जोर लावतो, आणि तिथेच बिघडतं. थांबायचं. चेंबरमध्ये जेल भरायचं, लेन्सचा फुगवटा सपाट झाला की ताण कमी होतो. मग फ्लॅप उलगडून पहिल्यासारखा सपाट ठेवायचा आणि आधी ज्या वाटेने फाडत आलो त्या वाटेने मागे खेचत हळूच मध्याकडे वळवायचं. आणि पांढराफटक, फुगलेला मोतीबिंदू असेल तर आत दाब साठलेला असतो, निळा डाय लावून सुई टोचली की कॅप्सूल दोन्ही बाजूंना टरकन उभी फाटते, मधे पांढरी लेन्स आणि दोन्हीकडे निळी कॅप्सूल, त्याला अर्जेंटिनाच्या झेंड्याची खूण म्हणतात. म्हणून तिथे जाड जेलने आधी दाबून धरायचं, अगदी छोटं भोक पाडायचं, आतलं पातळ द्रव सुईने ओढून घ्यायचं आणि मगच पुढे जायचं. असा मोतीबिंदू ओपीडीत ओळखून लिस्टवर लिहून ठेवता येतो, तो टेबलावर सरप्राइज म्हणून यायला नको.

मागची कॅप्सूल फाटणं प्रत्येकाच्या वाट्याला येतं. ओळखायचं कसं, तर चेंबर अचानक खोल होतो, बाहुली एकदम थोडी मोठी होते, किंवा इतका वेळ टोकाकडे येणारा तुकडा यायचाच बंद होतो. अशा वेळी हात दचकून बाहेर ओढायची इच्छा होते आणि नेमकं तेच करायचं नाही. प्रोब आतच ठेवा, पाणी चालू ठेवा, ओढ आणि अल्ट्रासाउंड बंद, दुसऱ्या हाताने बाजूच्या चिरेतून जेल भरा, आणि मग प्रोब काढा. नाहीतर चेंबर कोसळतो, फट मोठी होते आणि व्हिट्रियस, डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा पदार्थ, पुढे धावत येतो. ट्रायमसिनोलोन हे औषध टाकलं की न दिसणारा व्हिट्रियस पांढरा दिसतो, मग तो कापून स्वच्छ करता येतो. हे सगळं आधी कोरड्याने म्हणून ठेवा, मोठ्याने, स्टाफसमोर. त्या क्षणी घाम फुटलेला असताना विचार सुचत नाही, पाठ केलेलंच हातून होतं. आणि सीनियरला बोलवायला लाजू नका.

पेशंट जागा असतो हे विसरू नका. थेंबांनी बधिर केलेल्या डोळ्यावर आपण काम करतो तेव्हा समोरच्या माणसाला रंगीबेरंगी उजेड दिसत असतो आणि ओटीतला प्रत्येक शब्द ऐकू येत असतो. "अरे बापरे" हा शब्द ओटीत उच्चारायचा नाही, ठरवून टाका. त्याऐवजी बोलत रहा, आता थोडं पाणी जाणवेल, उजेडाकडे बघत रहा, छान चाललंय. ज्याच्याशी बोललं जातं तो पेशंट हलत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

आता ओपीडीतली हिस्टरी ओटीत कशी उपयोगी पडते त्याचं सगळ्यात सरळ उदाहरण. पुरुष पेशंट, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतोय किंवा पूर्वी घेत होता. ते औषध बुबुळाच्या पडद्यातल्या स्नायूवरही काम करतं, आणि ऑपरेशनमध्ये तो पडदा शिडासारखा फडफडतो, चिरेतून बाहेर यायला बघतो आणि बाहुली चालू केसमध्ये आकसत जाते. हे २००५ साली चँग आणि कॅम्पबेल यांनी मांडलं, त्याआधी लोकांना वाटायचं की आपलंच काहीतरी चुकतंय. औषध बंद केल्याने खात्रीशीर फायदा होत नाही म्हणून आधी माहीत असणं महत्त्वाचं, मग चेंबरमध्ये बाहुली मोठी ठेवणारं फिनायलेफ्रिन, पडद्याचे हुक, रिंग सगळं टेबलावर तयार ठेवता येतं. लघवीच्या त्रासाचं काही औषध घेता का, हा प्रश्न डोळ्याच्या डॉक्टरने विचारल्यावर पेशंट चमकतो. चमकू दे.

हातोडी-छिन्नीचा प्रश्नही असाच. एक तरुण कामगार आला, म्हणाला डोळ्यात काहीतरी उडालं, आता ठीक आहे, फक्त टोचतंय. नजर सहा-सहा, म्हणजे पूर्ण नॉर्मल. पांढऱ्या भागावर मसुराएवढा लाल डाग. कुणीही थेंब देऊन घरी पाठवला असता. पण काम काय करत होता विचारलं, तर लोखंडावर लोखंड मारत होता. त्या वाक्यावर कान टवकारलेच पाहिजेत, कारण अशा मारातून उडालेला कण बारीक, धारदार आणि इतका वेगात असतो की डोळ्यात शिरतो आणि भोक आपोआप मिटतं. मागून उजेड टाकून बुबुळाचा पडदा बघितला तर त्यात एक छोटंसं लाल भोक चमकत होतं. सीटी स्कॅनमध्ये कण डोळ्याच्या मागच्या पडद्याजवळ, रेटिनाजवळ सापडला. एमआरआय अशा पेशंटचा चुकूनही करू नका, चुंबकाने कण आत फिरेल. आणि लोखंड आत राहिलं तर हळूहळू गंज आतल्या आत पसरतो, रेटिनाच्या पेशी मरतात, काही महिन्यांनी पेशंट परत येतो तेव्हा त्या डोळ्याच्या बुबुळाचा रंगच बदललेला असतो आणि गेलेली नजर परत आणता येत नाही. या पोराचा कण व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे व्हिट्रियस काढायचं ऑपरेशन, करून वेळेत निघाला.

लहान मुलांच्या दोन गोष्टी तर खूणगाठ बांधून ठेवा. खेळताना डोळ्यावर मार बसलेलं मूल, डोळा पांढरास्वच्छ, सूज नाही, काळंनिळं नाही, पण सारखी उलटी करतंय, मलूल आहे, नाडी मंद आहे. सगळे डोक्याला मार लागलाय म्हणून धावतात, डोक्याचा स्कॅन नॉर्मल येतो आणि मूल ऑब्झर्वेशनला पडून राहतं. अशा मुलाला वर बघायला सांगा. एक डोळा वर जात नसेल आणि बघताना दुखत असेल तर खोबणीच्या तळाचं लवचिक हाड दारासारखं उघडून परत मिटलंय आणि स्नायू त्यात अडकलाय. स्नायू ओढला गेला की हृदयाचे ठोके कमी होतात, मळमळतं, हा डोळा आणि हृदयाचा रिफ्लेक्स १९०८ मध्येच अॅशनर आणि डॅग्निनी यांनी लिहून ठेवलाय. तिरळेपणाच्या सर्जरीत आतला स्नायू हुकवर घेतला की मॉनिटरचा आवाज मंदावतो तो हाच, ओढ सोडली की परत येतो, म्हणून ओढायच्या आधी भूलतज्ज्ञांना सांगायचं असतं. अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो म्हणून तिथे सूज उतरायची वाट बघत बसत नाहीत, लगेच सोडवतात.

दुसरं म्हणजे फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसते म्हणून आईवडील मूल घेऊन येतात. आईने सांगितलेलं कधीच उडवून लावू नका, फोटो मागून घ्या, मोबाइलमध्ये असतोच. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, इतरही कारणं असतात, पण रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांना होणारा रेटिनाचा कॅन्सर, नाही हे सिद्ध झाल्याशिवाय त्या डोळ्यात सुई, चीर काहीही घालायचं नाही. कॅन्सरच्या पेशी त्या चिरेतून डोळ्याबाहेर पडल्या तर डोळ्याबरोबर जिवाशी खेळ होतो. बाहुली मोठी करून, गरज पडली तर भूल देऊन पूर्ण रेटिना बघा, सोनोग्राफी करा. सर्जरी न करणं हाही सर्जनचाच निर्णय असतो हे मला या आजाराने शिकवलं, आणि दोन्ही डोळे बघा, नेहमी दोन्ही.

केमिकल पडलेला डोळा मात्र वरच्या सगळ्या नियमांना अपवाद. नाव, गाव, नजर, स्लिट लॅम्प सगळं नंतर. आधी पाणी, बधिर करणारा थेंब टाकून भरपूर वेळ पाणी. चुना, सिमेंट, ड्रेन साफ करायचं केमिकल अशी अल्कली वस्तू असेल तर ती थांबत नाही, टिश्यू विरघळवत आत जाते. वरची पापणी दोनदा उलटून कोपऱ्यात अडकलेले चुन्याचे खडे काढले नाहीत तर तुम्ही कितीही धुवा, ते खडे नवीन अल्कली सोडतच राहतात. पीएच पेपर लावा, थोड्या वेळाने परत लावा. जगातली पहिली यशस्वी कॉर्निया ट्रान्सप्लांट १९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी केली तो पेशंटही चुन्याने भाजलेलाच होता, आजही असे डोळे वाचवणं अवघड आहे, त्यामुळे सगळा खेळ पहिल्या अर्ध्या तासातला.

पापणी उलटण्यावरून सुरवंटाचे केस आठवले. डोळा लाल, खूप टोचतंय, कॉर्नियावर उभे बारीक ओरखडे. उभे ओरखडे म्हणजे वरच्या पापणीखाली काहीतरी आहे. उलटून, हाय पॉवरवर बघा. सुरवंटाच्या केसांना उलटे काटे असतात, ते एकाच दिशेने सरकतात, पुढेच, म्हणून राहिलेला केस काही दिवसांनी खोल गेलेला सापडतो. एकदा काढून झालं म्हणून संपलं असं नाही, परत बोलवा.

आणि काही केसेस अशा की स्लिट लॅम्पवर काही सापडणारच नाही. नजर बरीच कमी झालेल्या वयस्कर माणसांना कधी कधी छोटी छोटी माणसं, नक्षी, चेहरे, प्राणी दिसतात. त्यांना माहीत असतं की हे खरं नाही. पण सांगत नाहीत, घरचे वेडं ठरवतील या भीतीने. चार्ल्स बॉनेट यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांचा हाच अनुभव लिहिला, त्यांना मोतीबिंदू होते. एक आजी दर व्हिजिटला काहीतरी बोलायला जायच्या आणि गप्प व्हायच्या. शेवटी मीच विचारलं, आजी, जे तिथे नाही असं काही दिसतं का हो तुम्हाला, नजर कमी असलेल्या बऱ्याच जणांना दिसतं. त्या रडायलाच लागल्या. खिडकीत लहान मुलं बसलेली दिसायची त्यांना, कितीतरी दिवस. डोळ्याकडून मेंदूला चित्र कमी पोचलं की मेंदू स्वतः चित्रं बनवतो, हे वेड नाही, एवढं समजावून सांगितलं. मोतीबिंदू होता तो काढला, नंतर मुलं दिसायची बंद झाली. प्रत्येकाचं असं बंद होतंच असं नाही, पण भीती मात्र विचारल्यावर तिथल्या तिथे कमी होते. म्हणून नजर कमी असलेल्या प्रत्येकाला विचारा, तुम्ही विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही.

विचित्र केसचं काय करायचं असतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या रोजच्या ऑपरेशनमध्येच आहे. दुसऱ्या महायुद्धात फायटर विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यात तुकडे जायचे. हॅरोल्ड रिडली हे सर्जन असे डोळे तपासत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की विमानाच्या पर्स्पेक्स प्लास्टिकचे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षं पडून आहेत तरी डोळा शांत आहे. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन बघताना एका विद्यार्थ्याने विचारलं की काढलेल्या लेन्सच्या जागी दुसरी का नाही बसवत. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रिडलींनी त्याच मटेरियलची पहिली लेन्स डोळ्यात बसवली. सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षं विरोध केला. तो विद्यार्थी तुमच्यासारखाच नवखा होता, त्यामुळे ओटीत कोपऱ्यात उभं राहून बघताना मनात आलेला प्रश्न बिनधास्त विचारा.

त्या पहिल्या पेशंटला ऑपरेशननंतर मोठा मायनस नंबर आला, कारण लेन्सची पॉवर जमली नव्हती. आज आपल्याकडे बायोमेट्री, म्हणजे लेन्सची पॉवर काढायला डोळ्याची मापं घेणं, आहे, तरी ती कुणा टेक्निशियनवर सोडून देऊ नका, निदान पहिल्या वर्षी स्वतः करा. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकलं की अडीच-तीन डायऑप्टरचा, म्हणजे चष्म्याच्या अडीच-तीन नंबरचा फरक पडतो. दोन डोळ्यांच्या लांबीत तीन दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की परत मोजा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात का, पूर्वी चष्म्याचा नंबर काढायचं लेझर केलंय का, हे विचारा, त्याने कॉर्नियाचं माप आणि पुढचं सगळं गणित बदलतं. ओटीत चीर द्यायच्या आधी कुठला डोळा, कुठली लेन्स, किती पॉवर, हे पेशंटच्या तोंडून आणि कागदावरून दोन्हीकडून मोठ्याने पडताळून घ्या, कितीही घाई असू द्या.

पाच टक्के पोव्हिडोन आयोडिन डोळ्यात टाकून पूर्ण तीन मिनिटं थांबा, घड्याळ लावून. इन्फेक्शन टाळायला इतकं स्वस्त आणि इतकं खात्रीचं दुसरं काही नाही. शेवटी चेंबरमध्ये सेफ्युरोक्झिम हे अँटिबायोटिक, त्याचा फायदा २००७ च्या मोठ्या युरोपियन ट्रायलमध्ये स्पष्ट दिसलाय.

आपल्या केसेसचे व्हिडिओ ठेवा आणि त्याच दिवशी बघा, स्पीड न वाढवता. बघताना फक्त एकच गोष्ट बघायची, आज नुसता डावा हात काय करतोय, उद्या चेंबर किती स्थिर आहे. सगळं एकदम बघायला गेलं की काहीच हाती लागत नाही. वहीही ठेवा, केसचं नाव न लिहिता, वयाचा अंदाज, तक्रार, काय सापडलं, कुठला प्रश्न विचारल्यावर उलगडलं. मी नवीन मुलांना व्हिडिओपेक्षा वही जास्त आग्रहाने मागतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला स्वतः जा, ज्युनियरला पाठवू नका. कॉर्निया किती सुजलाय यावरून कळतं की कालची अल्ट्रासाउंड किती जास्त झाली. पेशंटला घरी सोडताना तीन गोष्टी त्याच्याच भाषेत सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या: दुखणं वाढलं, नजर कमी झाली किंवा लाली वाढली तर थेंब वाढवायचे नाहीत, फोन करून वाट बघायची नाही, रात्र असली तरी सरळ यायचं. एन्डॉफ्थॅल्मायटिसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आत इन्फेक्शन झालं तर, तास मोजले जातात. आणि इमर्जन्सीच्या दारावरच्या माणसालाही सांगून ठेवा की डोळ्याचं ऑपरेशन झालेला, दुखतंय म्हणून आलेला पेशंट सकाळपर्यंत बसवून ठेवायचा नाही, मला उठवायचं.